पाणी, बीज आणि बाजार : शिनेकॉक स्त्रियांची केल्पशेती

समुद्री शेवाळाची शेती हा भारताच्या किनारी भागात गेल्या काही वर्षांत विशेष चर्चेचा विषय झाला आहे. तराफा कसा बांधावा, अनुदान किती मिळते, ४५ दिवसांत किती वाढ होते, या प्रश्नांची उत्तरे आता बऱ्याच ठिकाणी उपलब्ध आहेत. परंतु एखाद्या लहान समुदायाने हा उद्योग स्वतः चालवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे याहून आधीचे तीन प्रश्न उभे राहतात. ज्या पाण्यात दोर सोडायचा त्या पाण्यावर हक्क कोणाचा? बीज कोठून येणार? आणि काढणीनंतर लगेच खराब होऊ लागणारा ओला माल कोण व कोणत्या रूपात घेणार?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील शिनेकॉक या आदिवासी समुदायातील सहा स्त्रियांनी २०२० मध्ये केल्प या समुद्री शेवाळाची शेती सुरू केली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदिवासींच्या मालकीची ही पहिली केल्पशेती मानली जाते. आकाराने हा उपक्रम लहान आहे. तरीही वरील तीन प्रश्नांना या स्त्रियांनी दिलेली उत्तरे भारतातील विस्तार कार्यकर्त्यांना आणि प्रयोगशील शेतकऱ्यांना अभ्यासण्याजोगी आहेत.

जमीन गेली, पाणी उरले

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस अटलांटिक महासागरात सुमारे १९० किलोमीटर लांबीचे लाँग आयलंड हे बेट पसरलेले आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूच्या अरुंद पट्ट्याने महासागरापासून वेगळी झालेली शिनेकॉक नावाची उथळ खाडी आहे. १९३८ च्या चक्रीवादळाने वाळूच्या या पट्ट्यात मुख उघडले आणि तेव्हापासून महासागराचे पाणी भरती-ओहोटीबरोबर तेथून खाडीत ये-जा करते.

या खाडीकाठी शिनेकॉक समुदाय पूर्वापार राहत आला आहे. मासे, कालवे व तिसऱ्या हे त्यांचे अन्न होते. क्वाहॉग नावाच्या जाड कवचाच्या शिंपल्यापासून घडवलेले मणी समारंभात, करारात आणि देवघेवीत मानाचे स्थान राखून होते. समुद्री शेवाळ अन्न व औषध म्हणून आणि घरांत थंडीपासून बचावाचे आवरण म्हणून वापरले जाई.

वसाहतकाळापासून समुदायाची जमीन घटत गेली. १७०३ च्या करारानुसार तेथील टेकड्या व लगतचा भूभाग शिनेकॉक लोकांकडे एक हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहणार होता. १८५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हा भाडेपट्टा मोडण्यास अनुमती दिली आणि सुमारे ३,६०० एकरांच्या टेकड्या समुदायाच्या हातून गेल्या. आज त्याच्याकडे हजार एकरांहून कमी क्षेत्राची राखीव वसाहत आहे. तिच्या सभोवती अमेरिकेतील अतिशय महागड्या निवासी भागांपैकी एक वसलेला आहे. प्रशस्त बंगले, हिरवळी आणि गोल्फची मैदाने ही त्या परिसराची ओळख आहे. संघराज्य शासनाने शिनेकॉक समुदायाला अधिकृत मान्यता दिली ती २०१० मध्ये. त्यासाठीचा अर्ज १९७८ पासून प्रलंबित होता.

जमीन गेल्यावर या समुदायाच्या हाती मुख्यतः खाडी उरली होती, आणि पुढे तीच खाडी आजारी पडत गेली.

खाडीचा आजार

लाँग आयलंडची माती वालुकामय आहे. सफक या परगण्यातील बहुसंख्य घरांना मलनिस्सारण वाहिनी नाही. तेथे साडेतीन लाखांहून अधिक घरांचे सांडपाणी शोषखड्ड्यांत व साध्या सेप्टिक टाक्यांत जाते. त्यातील नत्र वाळूतून सहज झिरपून भूजलात मिसळते आणि भूजलाबरोबर खाडीत उतरते. हिरवळींना घातलेल्या रासायनिक खतांचे नत्र त्यात भर घालते. हलक्या जमिनीत नायट्रेट कसे वाहून जाते हे आपल्याकडील बागायतदार शेतकऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. फरक इतकाच की येथे त्याचे अखेरचे ठिकाण विहीर नसून खाडी आहे.

नत्राच्या अतिरेकाने सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढते. १९८५ मध्ये लाँग आयलंडच्या खाड्यांत प्रथमच तपकिरी रंगाच्या सूक्ष्म शैवालाची लाट आली आणि नजीकच्या पेकोनिक खाड्यांतील स्कॅलप शिंपल्यांचा व्यवसाय कोसळला. अशा लाटेमुळे पाणी गढूळ होते, तळाशी प्रकाश पोहोचत नाही आणि समुद्री गवत मरते. मेलेले शैवाल कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. शिंपले व मासे यांवर जगणाऱ्या समुदायासाठी हे पिढीजात उपजीविकेचे नुकसान होते.

केल्पचा विचार पुढे आला तो या पार्श्वभूमीवर. समुद्री शेवाळ पाण्यात विरघळलेले नत्र व स्फुरद थेट शोषून वाढते. त्याला खत, गोडे पाणी वा खाद्य द्यावे लागत नाही. खाडीत जे जास्त झाले आहे तेच त्याचे अन्न आहे.

आधी पाण्यावरील हक्क

आपल्याकडे बहुतेक प्रकल्प अहवाल साहित्याच्या यादीने सुरू होतात. शिनेकॉक स्त्रियांना आरंभ करावा लागला तो हक्काच्या प्रश्नापासून. त्यांनी दोर सोडले तेव्हा न्यूयॉर्क राज्यात व्यापारी केल्पशेतीला परवाना देणारी सुस्पष्ट व्यवस्था नव्हती. राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा करून गार्डिनर्स व पेकोनिक या खाड्यांतील भाडेपट्ट्याच्या क्षेत्रात केल्पशेतीला वाट करून दिली. शिनेकॉक खाडी त्या क्षेत्रात येत नाही.

या स्त्रियांनी आपल्या समुदायाच्या पूर्वापार हक्काचा आधार घेतला. ज्या पाण्यातून पूर्वजांनी मासे व शेवाळ काढले, त्या पाण्याचा उपयोग करण्याचा आणि त्याची निगा राखण्याचा अधिकार आपल्याकडे अबाधित आहे, अशी त्यांची भूमिका आहे. हक्क कागदावर मांडणे आणि तो प्रत्यक्ष वापरणे यांत मोठे अंतर असते. दरवर्षी हंगामात पाण्यात दिसणारा दोर हा त्या हक्काचा चालू वापर ठरतो. म्हणून एखाद्या वर्षी पीक कमी आले तरी दोर पाण्यात असणे या समुदायासाठी महत्त्वाचे आहे.

हक्काबरोबर किनाऱ्यावर जागा लागते. साहित्य ठेवणे, बीज तयार करणे आणि माल वाळवणे ही कामे पाण्यालगत व्हावी लागतात. ब्रेंटवुड येथील सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ या ख्रिस्ती भगिनीसंघाची हॅम्प्टन बेज येथे खाडीकाठी एक वास्तू आहे. संघाने आपला किनारा व आवारातील जागा या स्त्रियांना वापरावयास दिली. केल्पशेतीचे तांत्रिक शिक्षण व प्रारंभीचे साहाय्य कनेटिकट राज्यातील ग्रीनवेव्ह या ना-नफा संस्थेकडून मिळाले. ही संस्था लहान समुद्री शेतकऱ्यांना प्रशिक्षण देते. हक्क समुदायाचा, जागा शेजाऱ्याची आणि तंत्र प्रशिक्षण संस्थेचे, अशी ही मांडणी होती. निर्णय मात्र सहा स्त्रियांच्या हाती राहिला. बाहेरून आलेल्या साहाय्याने मालकी बदलली नाही, ही या उपक्रमाची विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे.

बीज : खोलीतील लहान बीजनिर्मिती केंद्र

येथे लावली जाणारी जात शुगर केल्प होय. तिचे शास्त्रीय नाव सॅकॅरिना लॅटिसिमा असे आहे. ही थंड पाण्यातील तपकिरी शेवाळाची जात असून १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात तिची वाढ उत्तम होते. भारतात लावल्या जाणाऱ्या कॅपाफायकसप्रमाणे तिचे तुकडे दोराला बांधून भागत नाही. केल्पचे बीज बीजाणूंपासून तयार करावे लागते.

नैसर्गिकरीत्या वाढलेल्या पक्व केल्पच्या पात्यावर बीजाणू धारण करणारा गडद पट्टा दिसतो. तो भाग कापून स्वच्छ करतात, थंड व अंधाऱ्या जागी काही तास ठेवून किंचित सुकवतात आणि नंतर थंड, निर्जंतुक समुद्रजलात सोडतात. पाणी मिळताच पात्यातून असंख्य सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. हे पाणी काचेच्या टाक्यांत ओततात. टाक्यांत प्लॅस्टिकच्या नळीच्या तुकड्यांवर बारीक सुतळी गुंडाळून उभी केलेली असते. बीजाणू सुतळीवर चिकटतात, त्यांपासून नर व मादी सूक्ष्मरोपे तयार होतात, त्यांच्या संयोगातून केल्पचे रोप जन्मते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांत सुतळीवर एक-दोन मिलिमीटरची तपकिरी लव दिसू लागते. या काळात पाणी थंड ठेवणे, प्रकाश हळूहळू वाढवणे, पोषकद्रव्ये देणे आणि ठरावीक दिवसांनी पाणी बदलणे ही कामे चुकवून चालत नाहीत. परके सूक्ष्म शैवाल टाकीत शिरले तर सगळे बीज वाया जाते.

भगिनीसंघाच्या आवारातील लहान वास्तूत या स्त्रियांनी आपले बीजनिर्मिती केंद्र उभारले. विकतचे बीज घेणारा उद्योग पुरवठादाराच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो. केल्पच्या बाबतीत लागवडीची वेळ दोन-तीन आठवड्यांनी चुकली तरी हंगामाचा मोठा भाग निसटतो. शिवाय बीजनिर्मिती हे घरालगत, वर्षातील ठरावीक काळात आणि दोघी-तिघींच्या पाळीने करता येणारे काम आहे. या कामातील कौशल्य समुदायात टिकते आणि पुढील पिढीला देता येते.

हंगामाचे वेळापत्रक

शरद ऋतूच्या अखेरीस पाणी पुरेसे थंड झाले की बीजाची सुतळी जाड दोरावर चढवली जाते. नळीच्या तुकड्यातून दोर ओवून नळी पुढे सरकवली की सुतळी दोराभोवती आपोआप गुंडाळत जाते. दोराची दोन्ही टोके नांगरांनी स्थिर करतात आणि तरंगकांच्या साहाय्याने दोर पृष्ठभागाखाली ठेवतात. खाडी उथळ असल्याने ओहोटीच्या वेळी दोर तळाला घासणार नाही, याची विशेष दक्षता घ्यावी लागते. तळाला घासलेली पाती फाटतात आणि चिखलाने माखतात.

हिवाळ्यात केल्प वाढत राहते. मानवासाठी मात्र हा काळ कठीण असतो. पाण्याचे तापमान गोठणबिंदूजवळ येते. रबरी पोशाख घालून पाण्यात उतरणे, तरंगक तपासणे, वादळानंतर नांगर सरकले आहेत का ते पाहणे, पात्यांवर गाळ साचला असल्यास दोर हलवून तो झाडणे, ही कामे त्याच थंडीत करावी लागतात. वसंत ऋतूत दिवस मोठे होतात तशी वाढ वेगाने होते आणि अनुकूल परिस्थितीत पाती दोन-तीन मीटरपर्यंत लांब होतात.

काढणीची वेळ पाण्याचे तापमान ठरवते. मे महिन्याच्या सुमारास पाणी तापू लागले की पात्यांवर इतर सूक्ष्मजीवांचे थर चढतात, टोके झिजतात आणि माल खालावतो. काढणीस विलंब झाला तर पाती तुटून तळाशी कुजतात आणि शोषलेले नत्र पुन्हा खाडीतच मोकळे होते. वेळेवर काढणी झाली तरच पीक हाती येते आणि खाडीलाही लाभ होतो. काढणीनंतर दोर व तरंगक किनाऱ्यावर आणले जातात. उन्हाळ्यात खाडीत नौकाविहाराची वर्दळ असते, तेव्हा पाणी मोकळे असते. इतर वापरकर्त्यांशी संघर्ष टाळण्याच्या दृष्टीने हिवाळी पीक येथे सोयीचे ठरले आहे.

खाद्य न करता खत का?

केल्प हे खाद्य आहे. पूर्व आशियात त्याला मोठी मागणी आहे आणि अमेरिकेतही त्याची उत्पादने मिळतात. शिनेकॉक स्त्रियांनी मात्र वाळवलेले केल्प बागा व शेतजमिनीसाठी नैसर्गिक खत म्हणून विकण्याचा मार्ग धरला. लहान उद्योगाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने या निवडीची कारणे स्पष्ट आहेत.

ताज्या केल्पमध्ये ८५ ते ९० टक्के पाणी असते. खाद्य म्हणून विकायचे तर काढणीनंतर काही तासांतच त्याला शीतगृह, उकळणे वा नियंत्रित वाळवण लागते. मान्यताप्राप्त प्रक्रियागृह, पाण्याच्या शुद्धतेचे दाखले व जड धातूंच्या चाचण्या यांचा खर्च थोड्या मालावर बसतो आणि विक्रीदर न परवडणारा होतो. खतासाठी वाळवण साध्या पद्धतीने करता येते, वाळलेला माल दीर्घकाळ टिकतो आणि लहान पिशव्यांत स्थानिक ग्राहकाला विकता येतो. सभोवतीच्या बंगल्यांच्या बागा हीच जवळची बाजारपेठ आहे.

या विक्रीत आणखी एक संगती आहे. त्या बागांना घातलेले खतच खाडीच्या आजाराचे एक कारण आहे. बागाईतदाराने बाहेरून आणलेल्या रासायनिक नत्राऐवजी खाडीतून काढलेले केल्प वापरले, तर नवे नत्र परिसरात येत नाही. जुन्याचाच पुनर्वापर होतो.

केल्पचे खत म्हणून गुणधर्म नीट समजून घेणे आवश्यक आहे. त्यात नत्र व स्फुरद अल्प असतात, पालाश तुलनेने अधिक असते, सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात आणि वनस्पतीच्या वाढीस चालना देणारे घटक असतात. ते मुख्य खताची जागा घेत नाही. त्याचे काम पूरक खताचे व जैव-उत्तेजकाचे आहे. त्यात मीठही असते. म्हणून क्षारपड जमिनीत वा क्षारसंवेदनशील पिकांत त्याचा वापर जपून करावा लागतो.

नत्राचा प्रामाणिक हिशेब

समुद्री शेवाळ खाडी स्वच्छ करते, असे विधान अनेकदा ऐकू येते. त्याचा आकड्यांत अर्थ काय, हे पाहणे उचित ठरेल. एक टन ओल्या केल्पपासून १०० ते १५० किलो शुष्क पदार्थ मिळतो. त्यात नत्राचे प्रमाण साधारण २ टक्के धरले, तर एक टन ओल्या केल्पबरोबर २ ते ३ किलो नत्र खाडीबाहेर जाते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे युरियाच्या एका गोणीइतके नत्र खाडीतून काढण्यासाठी सुमारे ७ ते १० टन ओले केल्प काढावे लागेल.

हा हिशेब निराश करण्यासाठी मांडलेला नाही. लहान शेत संपूर्ण खाडीचा भार पेलू शकत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. नत्र जेथून येते तेथेच ते अडवावे लागते. सफक परगण्याने २०१७ पासून नत्र कमी करणाऱ्या सुधारित सेप्टिक यंत्रणांसाठी घरमालकांना अनुदान देणे सुरू केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील मतदारांनी पाण्याच्या गुणवत्तेच्या कामांसाठी विक्रीकरात एक-अष्टमांश टक्का वाढ मान्य केली. विद्यापीठाच्या पुढाकाराने खाडीत तिसऱ्या व समुद्री गवत यांचे पुनर्वसनही चालू आहे. केल्पशेती हा या मोठ्या कामाचा एक भाग आहे. दर आठवड्याला पाण्यात उतरणाऱ्या स्त्रिया खाडीची अवस्था जवळून पाहतात, आणि खाडीविषयीच्या चर्चेत त्यांचे म्हणणे अनुभवाच्या बळावर मांडले जाते. हा लाभ टनांत मोजता येत नाही. उद्योगाच्या जाहिरातीत मात्र जे मोजता येते तेवढेच सांगावे. दावा मोठा आणि पीक लहान असेल तर विश्वास गमवावा लागतो.

अलास्कातील समांतर अनुभव

याच दिशेचा दुसरा प्रयत्न अमेरिकेच्या वायव्येस अलास्कात दिसतो. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड या समुद्रभागात खडकावर आदळले आणि प्रचंड तेलगळती झाली. पुढे १९९३ मध्ये तेथील हेरिंग माशांचा साठा कोसळला. मासेमारीवर जगणाऱ्या एयाक व इतर आदिवासींवर त्याचा खोल परिणाम झाला. एयाक समुदायातील मच्छीमार डून लँकार्ड यांनी २००३ मध्ये स्थापन केलेली नेटिव्ह कन्झर्व्हन्सी ही संस्था कॉर्डोवा येथे आदिवासींच्या मालकीच्या केल्पशेतीसाठी बीजनिर्मिती, चाचणी-दोर आणि प्रशिक्षण यांचे काम करते.

अलास्काचा बीजविषयक नियम येथे नमूद करण्याजोगा आहे. लागवडीचे बीज शेताच्या ५० किलोमीटरच्या आतील किमान ५० जंगली मातृवनस्पतींपासून घ्यावे, असा तो नियम आहे. स्थानिक वाणाची विविधता राखावी आणि बाहेरील वाणाने नैसर्गिक केल्प दूषित होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

भारतीय किनाऱ्याशी ताडून पाहता

शुगर केल्प भारताच्या उष्ण पाण्यात येणार नाही. आपल्याकडे कॅपाफायकस, ग्रॅसिलेरिया, जेलिडिएला व सरगॅसम या जातींना महत्त्व आहे. मात्र पाणी, बीज व बाजार हे तीन प्रश्न येथेही तेच आहेत.

पाण्याच्या हक्काबाबत तामिळनाडूतील रामनाथपुरम् जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. मन्नारच्या आखातात राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ गोळा करणाऱ्या मच्छीमार स्त्रियांची वाट अवघड झाली. या स्त्रियांनी संघटित होऊन आपली बाजू मांडली आणि महिन्यातील केवळ १२ दिवस शेवाळ गोळा करण्यासारखे नियम स्वतःवर घालून घेतले. हक्क मागताना मर्यादा स्वतः स्वीकारल्याने त्यांच्या म्हणण्याला वजन आले.

बीजाबाबत सावधगिरीचा धडाही तेथीलच आहे. कॅपाफायकस हे परदेशी शेवाळ असून त्याची वाढ तुकड्यांपासून केली जाते. त्यामुळे सर्व शेतांत जवळजवळ एकच वाण असते. २०१३ नंतर उष्ण पाण्यात या पिकाची मोठी मर झाली आणि अनेक बचत गटांचे उत्पन्न बुडाले. तत्पूर्वी कुरुसडई बेटालगतच्या प्रवाळांवर हे शेवाळ पसरल्याची नोंदही झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने जिवंत समुद्री शेवाळाच्या आयातीसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. नवे वाण आणण्याची वाट त्यामुळे खुली झाली आहे. त्याबरोबरच ग्रॅसिलेरियासारख्या देशी जातींचे बीज स्थानिक पातळीवर तयार करणेही तितकेच आवश्यक आहे.

बाजाराच्या दृष्टीने भारतात एक अनुकूल गोष्ट घडली आहे. खत नियंत्रण आदेशात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने समुद्री शेवाळाच्या अर्कासह जैव-उत्तेजकांना नियमांच्या चौकटीत आणले. शेवाळ अर्काची उत्पादने शेतकऱ्यांना परिचित झाली आहेत. परंतु या चौकटीत विक्रीसाठी चाचण्या व नोंदणी लागते. ती पार पाडणे एकट्या बचत गटाला सहसा शक्य नसते. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत हे काम करता येईल.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हे मोठे बंधन आहे. उधाण, गढूळ पाणी आणि नद्यांच्या पुराने घटणारी क्षारता यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात साहित्य किनाऱ्यावर ठेवणेच शहाणपणाचे ठरते. शिनेकॉक स्त्रिया उन्हाळ्यात दोर बाहेर काढतात, त्याप्रमाणे कोकणात पावसाळा हा दुरुस्ती, प्रशिक्षण व हिशेबाचा काळ मानावा. त्या चार महिन्यांत बीज कोठे व कसे जिवंत ठेवायचे, याचे नियोजन मात्र मे महिन्यापूर्वी झालेले असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• गटाला साहित्य देण्यापूर्वी पाण्याच्या वापराची लेखी परवानगी कोणाकडून व किती मुदतीची, हे निश्चित करावे. प्रादेशिक जलक्षेत्रातील मत्स्यव्यवसाय हा राज्याच्या अखत्यारीतील विषय आहे. त्याच पाण्यात जाळी टाकणारे, कालवे काढणारे व नौका चालवणारे यांच्याशी आधीच बोलणी करावीत.

• पहिले वर्ष दोन-तीन ठिकाणी मोजक्या दोरांच्या चाचणीसाठी राखावे. तापमान, क्षारता व वाढीची नोंद दर आठवड्याला एकाच वहीत ठेवावी.

• पुढील हंगामाचे बीज कोठून येणार, हे पहिल्या काढणीपूर्वी ठरलेले असावे. शक्य तेथे गटातील दोघी-तिघींना बीज जतनाचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे.

• वाळवणीची जागा आधी पाहावी व मग दोरांची संख्या ठरवावी. वाळूवर पसरलेल्या मालात रेती मिसळते आणि दर पडतो. उंच मांडवावर किंवा जाळीवर वाळवण करावी.

• सर्व माल एकाच खरेदीदारावर अवलंबून ठेवू नये. काही भाग परिसरातील आंबा, नारळ व भाजीपाला उत्पादकांच्या शेतांवर कृषी विज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली तपासून पाहावा.

• प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या लाभार्थ्यांसाठी साहाय्याचे प्रमाण प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत आणि इतरांसाठी ४० टक्क्यांपर्यंत ठेवलेले होते. उर्वरित रक्कम व पहिल्या हंगामाची मजुरी कोठून येणार, याचा विचार अर्ज करतानाच करावा.

टिकाव कशावर

शिनेकॉक उपक्रमापुढील अडचणी संपलेल्या नाहीत. समुद्राचे तापमान वाढत आहे आणि केल्पचा हंगाम आखूड होण्याचा धोका आहे. सहा जणींच्या श्रमावर चालणाऱ्या उद्योगात एकीची अनुपस्थितीही जाणवते. निव्वळ विक्रीवर असा लहान उद्योग तग धरणे कठीण असते आणि बाहेरील देणगी-अनुदानाचा आधार कायम राहील याची शाश्वती नसते.

तरीही या उपक्रमाच्या मुळाशी असलेल्या तीन गोष्टी समुदायाच्या हाती आहेत. पाण्यावरील हक्क ते स्वतः बजावतात, बीज स्वतः तयार करतात आणि माल परिसरातच विकतात. उत्पादन एखाद्या वर्षी घटले तरी यांतील काहीही हातचे जात नाही आणि पुढील शरद ऋतूत पुन्हा दोर सोडता येतो. आपल्या किनाऱ्यावर एखाद्या गटाच्या शेवाळशेतीचे मूल्यमापन करताना किती तराफे वाटले, याबरोबरच या तीन गोष्टींपैकी किती गटाच्या हाती आल्या, याचीही नोंद तपासणी अहवालात घेतली जावी.